पाणी कुणाचं? गळ घेऊन इंदूर ते नर्मदा, चार दिवस

मामांचा फोन मेच्या शेवटी आला. "यायचं असेल तर सोळा जूनच्या आत ये, नाही तर मग पंधरा ऑगस्ट उलटल्यावर. मधले दोन महिने मी गळाला हात लावत नाही."

मी नाशिकचा. गंगापूर धरणाच्या काठावर वडिलांच्या शेजारी बसून गळ टाकायला शिकलो. पण असा दोन महिन्यांचा नेम आमच्या घरी कुणी पाळल्याचं आठवत नाही. उलट पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आम्ही पोरं टोपल्या घेऊन ओढ्यावर पळायचो आणि घरी आल्यावर आजी पाठीवरून हात फिरवायची. मामांचं बोलणं त्यामुळेच डोक्यात राहिलं. इंदूरला गेलो ते मासे धरायला, हे खरंच. पण मामा असं का म्हणतात, हे समजून घ्यायची ओढही तितकीच होती.

13 जून, शुक्रवार

रात्रीची बस. खलघाटला तांबडं फुटत असताना चहासाठी थांबली, तेव्हा पुलाखाली नर्मदा दिसली. उन्हाळ्याच्या शेवटालाही भरून वाहणारी नदी बघायची आम्हाला सवय नाही. चहा हातात तसाच राहिला.

मामांचं घर रामबागेत. त्यांचे पणजोबा होळकरांच्या चाकरीत इकडे आले आणि घराणं इथलंच झालं. मामांची मराठी अजून तशीच, इंदुरी वळणाची: "मी केव्हाचा वाट पाहून राहिलो!" मामींनी पोहे केले होते. वरून बारीक शेव, कांदा, जिरावन मसाला आणि शेजारी गरम जिलबी. पहिल्यांदा खाणाऱ्याला ही जोडी विचित्र वाटते, दुसऱ्यांदा मात्र आपण जिलबीकडे आधी बघतो.

खाणं झाल्यावर मी बॅगेतून काठी काढायला लागलो. मामांनी थांबवलं. "आधी ऑफिस, मग पाणी."

ऑफिस म्हणजे जिल्ह्याचं मत्स्योद्योग कार्यालय. खात्याचं पूर्ण नाव मछुआ कल्याण तथा मत्स्य विकास विभाग. टेबलापलीकडच्या बाईंनी आडनाव विचारलं आणि पुढचं सगळं बोलणं मराठीत झालं. गळवाला कधी माहिती विचारायला येतच नाही, येतो तो तक्रार झाल्यावर, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी अर्धा तास दिला. हा अर्धा तास मला पुढच्या तिन्ही दिवसांत उपयोगी पडला, म्हणून तो सविस्तर लिहितो.

मध्य प्रदेशात कुठल्याही पाण्यावर गळ टाकण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: पाणी कुणाचं, आणि आज तारीख काय. लहान तलाव ग्रामपंचायतीकडे, त्याहून मोठे जनपदकडे, म्हणजे आपल्याकडच्या पंचायत समितीसारख्या पंचायतीकडे, त्यापुढचे जिल्हा पंचायतीकडे. इंदिरासागर, गांधीसागर यांसारखे अवाढव्य जलाशय राज्याच्या मत्स्य महासंघाकडे. यातले बहुतेक तलाव दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मच्छीमारांच्या सहकारी समित्यांना किंवा गटांना दिलेले असतात. समिती पट्ट्याचे पैसे भरते, मत्स्यबीज विकत आणून सोडते, राखण करते. "तलावाला कुंपण नाही म्हणून तो मोकळा आहे, असं समजू नका," बाई म्हणाल्या. त्या पाण्यातला रोहू कुणीतरी बोटभर असताना विकत घेऊन सोडलेला असतो. समितीची परवानगी न घेता तो काढला तर ती चोरीच.

आता तारीख. 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद ऋतू. 1972 च्या नदीय मत्स्योद्योग नियमांप्रमाणे या काळात नद्यांत आणि नद्यांशी जोडलेल्या पाण्यात मासे धरायचे नाहीत, तिथले मासे विकायचे नाहीत, वाहून न्यायचेही नाहीत. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या लहान तळ्याचा नदीशी काहीच संबंध नाही आणि जे सरकारनं ठरवून दिलेल्या पाण्यात (निर्दिष्ट जलात) धरलेलं नाही, त्याला ही बंदी लागू होत नाही. सुरुंगाची दारू किंवा विष टाकून मासे मारायला तर देशभर 1897 च्या कायद्यानं मनाई आहे आणि ती बारा महिने असते.

मी विचारलं, दोनच महिने का? बाईंनी सांगितलं की कटला, रोहू, मृगळ हे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं, गढूळ पाणी लागतं. पाऊस सुरू झाला की ते प्रवाहावर चढतात आणि काठच्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. पूर्वी मत्स्यबीज मिळवायचं तर नदीतूनच गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरींनी मेंदूजवळच्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण तळ्यात करून दाखवली. तेव्हापासून हॅचरीचं, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात तयार केलेलं बीज मिळू लागलं. पण नदीला हॅचरी नसते. तिचं जे काही आहे ते याच दोन महिन्यांत होतं.

संध्याकाळी सिरपूर तलावावर गेलो, गळ घरी ठेवून. धार रोडवरचा हा होळकरकालीन तलाव आता रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. इथे मासे धरायचे नाहीत. एके काळी अतिक्रमण आणि चोरटी मासेमारी यांनी तो मरायला टेकला होता. पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं खपून तो वाचवला. मामांनी दगडावर बसून मला पाणकावळ्यांकडे बघायला सांगितलं. पाणकावळे कुठे बुड्या मारतात ते नीट बघितलं की लहान माशांचे थवे कुठे आहेत ते कळतं, आणि लहान मासे असतील तिथे मोठेही येतात. जागा शोधण्याचा पहिला धडा असा, मासेमारीला बंदी असलेल्या तलावावर मिळाला. अंधार पडता पडता वारं सुटलं. माळव्याच्या संध्याकाळींचं कौतुक ऐकून होतो. दिवसभर भाजून निघालेल्या अंगाला ते वारं लागलं आणि पटलं.

14 जून, शनिवार

पहाटे हातोदच्या वाटेनं यशवंत सागर. गंभीर नदीवरचं हे धरण दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या काळातलं. जादा पाणी आपोआप बाहेर टाकणारे जुने सायफन अजून बघायला मिळतात. इंदूरला इथून पाणी जातं, इथे व्यापारी मत्स्यपालनही चालतं, आणि हीसुद्धा 2022 पासून रामसर जागा आहे. म्हणजे इथेही आम्ही हात चोळतच बसणार होतो. पण मामांना मला सारस दाखवायचे होते. पाणी ओसरलेल्या चिखलात जोडी उभी होती, जवळजवळ माणसाएवढी उंच, आणि दोघांनी एका सुरात मान वर करून साद घातली तेव्हा समोरच्या काठावरचं जाळं ओढणारी माणसंसुद्धा क्षणभर थांबली.

दुपारी मात्र फसलो. देपालपूरकडच्या एका गावाजवळ छानसा तलाव दिसला, बांधावर बाभळी, पाण्यात बुडबुडे. बांधावरच्या एका माणसानं "परवानगी मी देतो" म्हणून पाचशे रुपये घेतले. मामा नको म्हणत होते, हट्ट माझाच. तासाभरात पट्टेदार समितीची दोन माणसं मोटरसायकलवरून आली. पैसे घेणाऱ्याचा तलावाशी काही संबंध नव्हता आणि तोवर तो निघूनही गेला होता. ती माणसं संतापलेली होती आणि त्यांचा संताप रास्त होता. मागच्या वर्षी कुणीतरी रात्री पाण्यात करंट सोडला, बोटभर पिल्लंसुद्धा पांढरी होऊन तरंगली, असं त्यातला थोरला सांगत होता. सांगताना तो आमच्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. आम्ही माफी मागून काठ्या गुंडाळल्या.

तेव्हा परवानगी घ्यायची ती समितीच्या अध्यक्षाकडून किंवा सचिवाकडून, आणि समितीच्या शिक्क्याची पावती हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. अध्यक्ष कोण हे ग्रामपंचायतीत सांगतात. तिथे कुणी नसेल तर गावातल्या किराणा दुकानात विचारा. जाळ्याचा दोरा आणि गळ तिथेच विकले जातात, दुकानदाराला सगळे मच्छीमार ठाऊक असतात. गळानं किती मासे नेता येतील, किती वाजेपर्यंत बसता येईल, हेही आधीच बोलून घ्यावं.

संध्याकाळी मामांनी त्यांच्या ओळखीच्या एका समितीच्या सचिवांना फोन लावला. सिमरोलच्या पुढे डोंगरात एक तलाव आहे. गावाचं नाव इथे देत नाही. तलाव लहान आहे आणि समिती बारा घरांची आहे. "उद्या शेवटचा दिवस. या, पण परवापासून आमचीही जाळी वर," सचिव म्हणाले. त्या तलावाचा सांडवा नाल्यातून चोरल नदीला मिळतो, त्यामुळे बंद ऋतू तिथे लागू.

15 जून, रविवार

साडेपाचला पाण्यावर. जूनमध्ये तलाव तळाला गेलेला असतो आणि जागा शोधणाऱ्याला तेच सोयीचं. एरवी पाण्याखाली असणारं सगळं उघडं पडतं: बुडालेल्या झाडांची खोडं, जुन्या नाल्याची वाट, दगडांची रांग. उरलेलं पाणी त्या जुन्या नाल्याच्या खोलगटात असतं आणि मासेही तिथेच. मामा दर जूनमध्ये अशा तलावांचे नकाशे वहीत काढतात. तोच नकाशा ऑक्टोबरात, तलाव भरल्यावर, कामाला येतो.

मामांचा गळ जुन्या पद्धतीचा. तरंगायला मोरपिसाचा देठ, त्याखाली शिशाचा मणी. कणीक, चण्याचं पीठ आणि कोंडा मळून केलेला गोळा, त्याला हिंगाचा वास. मोरपीस दोऱ्यावर कुठे बांधायचं, हे कुठला मासा हवा त्यावर. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळ उकरतो. बारीक बुडबुड्यांची रेघ सरकताना दिसली की खाली मृगळ चरतोय असं समजायचं. आम्ही तळाला टाकलं.

पाऊण तास काही नाही. मग मोरपीस आडवं झालं. बुडालं नाही, पाण्यावर सपाट झोपलं. "आता नाही, थांब," मामा पुटपुटले. तळावरचा घास माशानं वर उचलला की शिशाचं वजन जातं आणि देठ असा आडवा पडतो. मग तो तिरका सरकायला लागला आणि मी झटका दिला.

दीड किलोच्या आसपासचा मृगळ. मामांनी ओल्या कापडावर धरला आणि छातीजवळच्या परावरून, म्हणजे कल्ल्यामागच्या पंखावरून, अंगठा फिरवला. मग माझा अंगठा धरून तिथेच फिरवला. गुळगुळीत, ओल्या साबणासारखं. पोट टम्म आणि मऊ, बोटानं दाबलं तर दबणारं. "मादी," ते म्हणाले. विणीच्या दिवसांत नराचं हे पर खरखरीत होतं, मादीचं गुळगुळीत राहतं. त्या पोटात लाखाच्या वर अंडी असतील. अजून बंदीला अठरा तास होते, कायद्यानं ती आमची होती. मामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गळ सोडवला आणि ती पाण्यात धरून ठेवली. कल्ले दोनचारदा हलले, शेपटीचा एक फटका मनगटावर बसला आणि गेली.

दुसरा मासा नर निघाला, पर खरंच काचपेपरसारखं. तो ठेवला. तिसरी पुन्हा मादी, सोडली.

ठेवलेला मासा सचिवांच्या घरी त्यांच्या आईनं चुलीवर केला. लसूण, धणे आणि बेडियाच्या बाजारातली लाल मिरची, शेंगदाण्याचं तेल, बाकी मसाला नाही. बरोबर मक्याची भाकरी. आपल्याकडे माशाला चिंच किंवा कोकम लागतंच. इथे आंबटासाठी तिनं वाळवलेली अंबाडी टाकली. ती चव अजून जिभेवर आहे. आम्ही कलाकुंडचा कलाकंद सोबत नेला होता, पळसाच्या पानात बांधलेला, तो आजीच्या हातात दिला.

दुपारी घाट उतरून बडवाह. अकरा वाजल्यानंतर निमाडात, म्हणजे घाटाखालच्या या नर्मदाकाठच्या मुलखात, ऊन अंगावर धावून येतं. डोक्याला ओला पंचा आणि पाण्याच्या दोन बाटल्या असल्याशिवाय उतरू नये. मोरटक्क्याच्या पुलाजवळ एक म्हातारे केवट, म्हणजे नावाडी, नाव डागडुजीला काढून बसले होते. मामांनी रामराम केला. "दादा, बाडस मिळतो का अजून?"

बाडस म्हणजे इकडचा महसीर. 2011 साली मध्य प्रदेशानं त्याला राज्यमासा केलं. तो वाहत्या, स्वच्छ, दगडगोट्यांच्या पाण्यातला मासा. धरणांनी नर्मदेचं पाणी थांबवलं, वाळू उपसली गेली आणि तो हटत गेला. बडवाहच्या वनविभागानं त्याची वीण कृत्रिम तळ्यात करण्याचा प्रयोग केला आहे. केवटदादा उत्तर न देता नावेच्या पुढच्या खणातून तंबाखूचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत कापसात गुंडाळलेलं एक खवलं. माझ्या तळहाताच्या मधोमध ठेवलं तर चारी बोटांच्या मुळांपर्यंत पोचलं. कडेला सोनेरी झाक, आणि उन्हासमोर धरल्यावर एकात एक वर्तुळं, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. वडिलांनी धरलेल्या बाडसाचं, म्हणाले. तो मासा दोघांनी बांबूला लटकवून आणला होता. त्यांच्या स्वतःच्या जाळ्यात कित्येक वर्षांत हाताएवढाही आलेला नाही.

नर्मदेवर आम्ही गळ उघडला नाही. एवढं बघितल्यावर मनच झालं नाही. ज्यांना जायचं आहे त्यांना एक कळकळीचं सांगणं: नदीच्या मधल्या खडकांवर जाऊन बसू नका. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटतं आणि पातळी बघता बघता चढते. 2005 च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला असंच पाणी आलं आणि जत्रेला आलेले कितीतरी लोक वाहून गेले. भोंगा ऐकू आला तर सामान तिथेच टाकून काठावर या.

मुक्काम महेश्वरला. संध्याकाळी घाटावर लोक कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकत होते आणि मासे पायरीपर्यंत येऊन तोंडं उघडत होते. इथे त्यांना कुणी धरत नाही. अहिल्याबाईंच्या राज्यात नदीतल्या माशांसाठीही अन्नाची तजवीज होती, असं ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनं लिहून ठेवलं आहे. मामांनी सकाळची उरलेली कणीक, हिंगाच्या वासाची, खिशातून काढली आणि तिच्या लहान लहान गोळ्या करून सोडत बसले.

16 जून, सोमवार

रात्री दोनला पाऊस कोसळला. पत्र्यावर इतका आवाज की बोलणं ऐकू येईना. सकाळी सगळं निवळलेलं, मातीचा वास, आणि घाटाच्या पायऱ्यांवर तांबडं पाणी.

परत येताना मंडलेश्वरवरून जाम घाटाची वाट धरली. वर अहिल्याबाईंच्या काळातला, 1791 चा जाम दरवाजा आहे. ढग त्याच्या कमानीतून आरपार चालले होते असं वरून उतरून येणारे लोक सांगत होते. पण आम्हाला वर पोचायला दुपार झाली, कारण घाटाच्या पायथ्याशी नाल्यावरच्या एका फरशी पुलाशी गाडी थांबली ती थांबलीच.

काल कोरडा असलेला नाला वाहत होता. फरशीच्या खालच्या अंगाला हातभर उंचीची पाण्याची धार पडत होती, आणि त्या धारेत काहीतरी चमकत होतं. बोटाएवढे चंदेरी मासे उड्या घेत होते. एक उडी, अर्ध्यात आपटून खाली, पुन्हा उडी. कुणी फरशीवर येऊन पडायचा, दोन इंच पाण्यात आडवा वळवळत पलीकडे जायचा आणि वरच्या डबक्यात दिसेनासा व्हायचा. शेकड्यांनी होते. चढणीचे मासे. तीस वर्षांनी बघत होतो.

पलीकडून तीन पोरं आली, हातात मच्छरदाणीचा तुकडा. मामा त्यांच्याशी निमाडीत काहीतरी बोलले, वर डोंगराकडे हात दाखवून, मग पोट फुगवून दाखवून. पोरं हसली. मोठ्यानं मच्छरदाणी खांद्यावर टाकली, पण तिघंही गेली नाहीत. आमच्याशेजारी उकिडवी बसली. एक मासा फरशीवर उलटा पडून धापा टाकत होता. सगळ्यात धाकट्यानं हात पुढे केला, माझ्याकडे बघितलं, आणि दोन बोटांनी त्याला हळूच वरच्या पाण्यात ढकललं.